केळझर की सिंदी (रेल्वे)? सेवाग्राम आणि बुटीबोरीच्या मधे घर शोधणाऱ्यांसाठी

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांना शेवटपर्यंत वाचत बसावं लागणार नाही. आम्ही केळझरला घर घेतलं. सिंदी वाईट म्हणून सोडलं असं नाही. माझ्या एकटीच्या सोयीचं पाहिलं असतं तर मी डोळे मिटून सिंदीच घेतलं असतं. पण घरात कमावणारे दोघं, दोघांच्या नोकऱ्या दोन दिशांना, आणि त्यातला एक रात्री अकराला सुटणारा. हे गणित ज्यांचं आमच्यासारखं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गणित असं. मी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला दवाखान्याच्या लॅबमध्ये. आमचे हे नागपूरकडच्या बुटीबोरी एमआयडीसीत, तीन शिफ्टांची आलटून-पालटून ड्युटी. मुलगी चौथीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण एकट्या एसटीनं माहेरी जाऊन येणाऱ्या. आतापर्यंत वर्ध्याला भाड्यानं राहत होतो. वर्ध्यात घर घ्यायचं तर यांची रोजची धाव वाढते, बुटीबोरीत घ्यायचं तर माझी; शिवाय दोन्हीकडचे भाव आमच्या पगाराला जड. मग नकाशावर मधली गावं पाहत गेलो. सेलू पाहिलं, सेलडोह पाहिलं, आणि शेवटी दोनच नावं उरली: रेल्वेवरची सिंदी आणि रस्त्यावरचं केळझर. दोन्ही सेलू तालुक्यातलीच, त्यामुळे तहसील एकच. फरक एवढा की सिंदीला नगरपरिषद आहे आणि केळझरला ग्रामपंचायत. हा फरक कागदावर छोटा दिसतो, घर घेताना चांगला मोठा होतो. त्यावर पुढे येते.

आधी सिंदी. नावातच कंसात रेल्वे घेऊन बसलेलं गाव. बाहेरच्यांना ते तान्ह्या पोळ्यासाठी माहीत. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदीबैल घेऊन निघतात तो आमच्या विदर्भाचा सण. सिंदीत मात्र नंदी पोरांच्या हातात मावणारे नसतात, माणसाहून उंच नंदी गाड्यावर निघतात आणि आजूबाजूची गावं पाहायला लोटतात. आत्याबाईंचं माहेर सिंदीचं. त्यांच्या लेखी चर्चा इथंच संपली होती. "ज्या गावात नंदीले एवढा मान, त्या गावात माणसाले राहाले काय तरास होईन?" यावर उत्तर देण्याची यांची हिंमत नाही, माझी तर नाहीच.

माझ्या दृष्टीनं सिंदीची जमेची बाजू म्हणजे स्टेशन गावाला चिकटून आहे. सेलूचं स्टेशन ‘सेलू रोड’, गावापासून दूर. तिथं गाडी पकडायला आधी दुसरी गाडी पकडावी लागते. सिंदीत घरून पायी निघा, जिना चढा, फलाटावर उतरा. तुळजापूर, सेलू रोड, वरूड आणि मग सेवाग्राम. उलट्या बाजूला बोरखेडी, मग बुटीबोरी. म्हणजे एकाच फलाटावरून मी इकडे आणि हे तिकडे. कागदावर याहून सुंदर घर असूच शकत नाही. पासही स्वस्त पडतो. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्यानं चालवल्या तेव्हा जवळच्या स्टेशनलाही ३० रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०२४ पासून ते परत १० वर आलं. बायांना डब्यात बरोबरीच्या नोकरदार बाया भेटतात, मटार सोलत, स्वेटर विणत, सासवांचे किस्से सांगत प्रवास होतो. बसमध्ये हे सुख नाही.

मग अडचण कुठं? अडचण समजून घ्यायची तर ही लाइन काय आहे ते समजून घ्यावं लागतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन फार वर्दळीचे रेल्वेमार्ग नागपूर ते सेवाग्राम एवढ्या पट्ट्यात एकाच रुळांवरून जातात. सेवाग्रामला पोचल्यावर एक मुंबईकडे जातो, दुसरा बल्लारशाकडे वळतो. म्हणजे दोन्ही रेल्वेमार्गांची वाहतूक आपल्या अंगणातून, वर कोळशाच्या मालगाड्या वेगळ्या. त्या गर्दीत आपली पॅसेंजर म्हणजे सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणत स्वतः उभी राहणारी घरची सून. एक्स्प्रेस आली की ही बाजूला, दुसरी आली की अजून थोडी बाजूला. तिसऱ्या आणि चौथ्या लाइनचं काम म्हणूनच काढलं आहे. ते सगळं पूर्ण झालं की चित्र पालटेल, यात मला शंका नाही. पण मला हजेरीच्या मशीनवर अंगठा आज लावायचा आहे.

दुसरं म्हणजे सिंदीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. दिवसभरात धडधडत जाणाऱ्या गाड्या पाहिल्या की वाटतं काय थाट आहे गावाचा. त्यातल्या बहुतेक नुसत्या धूळ उडवून जातात. घर पाहायला जाणाऱ्यांनी दलालाच्या तोंडचं ‘दर अर्ध्या तासाला गाडी हाय, वहिनी’ ऐकून घ्यावं, मान डोलवावी आणि मग फलाटावर लावलेला थांब्यांचा तक्ता स्वतः वाचावा. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, या दोन गाड्या आपल्या ड्युटीशी जुळतात का तेवढंच पाहायचं. माझ्या जुळत होत्या. सकाळची थोडी लवकरची, संध्याकाळची थोडी उशिराची, पण चालण्यासारखं.

यांच्या जुळेनात. पहिल्या शिफ्टला सकाळी सातच्या आत गेटवर, दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते. बुटीबोरी स्टेशनवर उतरलं तरी कंपनीचं गेट तिथं वाट पाहत उभं नसतं; वसाहत पसरली आहे लांबच्या लांब. म्हणजे स्टेशनवर एक जुनी मोटरसायकल ठेवा, तिच्या स्टँडचे पैसे भरा, आणि रात्री अकरानंतर गाडी नाहीच म्हणून त्याच मोटरसायकलवर घरी या. मग रेल्वेच्या गावात राहण्याचा फायदा काय?

आता तो रात्रीचा रस्ता. हा भाग मी यांच्या मागे बसून, मुद्दाम रात्री पाहिला, कारण दिवसा सगळेच रस्ते चांगले असतात. बुटीबोरीच्या चौकातून वर्ध्याचा रस्ता धरला की चार पदरी सिमेंटचा महामार्ग लागतो. ट्रक जोरात असतात, पण उजेड असतो, ढाबे उघडे असतात, पंक्चर झालं तर हाक ऐकणारा कोणीतरी असतो. केळझरला यायचं तर या रस्त्यावरून सरळ या. सिंदीला यायचं तर सेलडोहला महामार्ग सोडावा लागतो आणि मग आतला रस्ता. दोन्ही बाजूंनी कपाशी आणि तूर. हिवाळ्यात तूर माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली असते आणि तिच्यातून रोही कधी उडी मारून रस्त्यावर येईल सांगता येत नाही. रोही म्हणजे बाहेरच्यांची नीलगाय. अंगानं घोड्याएवढी, अकलेनं कमी. हेडलाइट पाहिला की बाजूला होण्याऐवजी उजेडातच धावत सुटते. आम्ही गेलो त्या रात्री एक नर असाच पुढे पळत राहिला. यांनी गाडीचा वेग पार बैलगाडीवर आणला, हॉर्न वाजवला, दिवा बंद-चालू केला. शेवटी त्याचं मन झालं तेव्हा तो तुरीत शिरला. मागून रानडुकरांचा कळप नव्हता हे नशीब. हे म्हणाले, "रोजचं नाही ना जमायचं हे." मी काहीच बोलले नाही, पण घराचा निर्णय माझ्या मनात तिथंच झाला होता.

समृद्धी महामार्गाचं नाव कोणी काढलं तर एकच सांगते: तो आपल्याच तालुक्यातून जातो, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरूही झाला, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे. ज्याच्या दारात चारचाकी आहे त्यानं समृद्धी मोजावी. आमच्यासारख्यांसाठी तो नुसता शेताच्या पलीकडून ऐकू येणारा आवाज.

केळझरकडे येऊ. गाव डोंगराच्या पायथ्याशी, टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ. विदर्भाच्या अष्टविनायकांत याचं नाव घेतात, आणि महाभारतातली एकचक्रनगरी ती हीच, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, असं गावातलं कुणीही सांगेल. चतुर्थीला वर्ध्या-नागपूरकडून लोक येतात, हार-नारळाची दुकानं लागतात, त्या दिवशी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. हे ज्यांना चालत नसेल त्यांनी आत्ताच लक्षात घ्यावं. मला चालतं. आत्याबाईंना तर सिंदीच्या नंदीऐवजी गणपती मिळाला म्हणून अर्धा राग तिथंच उतरला. उरलेला अर्धा अजून अधूनमधून वर येतो.

बस हा केळझरचा प्राण. नागपूर-वर्धा ही वर्दळीची वाट, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत बसेस असतात. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा गडी माणसं ओरडली, बायांना तेवढं जाणवलं नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. आत्याबाई आधार कार्ड हातात धरूनच चढतात, कंडक्टरनं मागायच्या आधी दाखवतात आणि खिडकीची जागा हक्कानं मागतात. घराचा मासिक खर्च मांडताना या सवलती मी चक्क हिशेबात धरल्या, आणि रेल्वेच्या पासाशी फरक वाटला होता त्याहून पुष्कळच कमी निघाला.

पण उगाच गोड बोलत नाही. विनाथांबा बस केळझरला थांबत नाही. ती समोरून जाते आणि आपण हात दाखवत राहतो. साधी बस धरायची, ती मधल्या फाट्यांवर थांबत जाते. वर्ध्याला उतरून सेवाग्रामसाठी दुसरं वाहन, म्हणजे माझा प्रवास रेल्वेपेक्षा लांबला हे खरंच. त्यात चार पदरी रस्ता ओलांडायचा. घर ज्या बाजूला, त्याच्या पलीकडच्या बाजूला बस थांबते ही वेळ दिवसातून एकदा येणारच, जाताना किंवा येताना. पोरीला मी एकटीला रस्ता ओलांडू देत नाही आणि पुढची दोन-तीन वर्षं देणारही नाही. केळझरला घर पाहणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्याकडे म्हातारी माणसं आहेत त्यांनी, घरापासून थांब्यापर्यंत त्यांना सोबत घेऊन एकदा चालून पाहावं. देवळाच्या पायऱ्या चढणारी माणसं महामार्गावर गोंधळतात.

डोंगर जवळ म्हणजे जंगलही जवळ. बोर व्याघ्र प्रकल्प याच तालुक्यात. वाघ गावात येतो असं मी म्हणणार नाही, पण जंगलाकडच्या शेतांत राखणीला जाणारी माणसं एकटी जात नाहीत. घर गावाच्या आत घ्या, डोंगराच्या कडेचा ‘निसर्गरम्य’ प्लॉट शहरातल्यांना घेऊ द्या.

आता जमीन. यावर मी जास्त लिहिणार, कारण गावाची तुलना करताना लोक शाळा, दवाखाना, बाजार सगळं विचारतात आणि पायाखाली काय आहे ते विचारत नाहीत.

सिंदीत आम्हाला आवडलेला प्लॉट होता एका नव्या लेआऊटमधला. स्टेशनपासून चालत, रस्ता आखलेला, खांब उभे, कोपऱ्यावर पाटी. शेजारी दोन घरं बांधून झालेली, त्यातलं एक विकायलाही होतं. ते घर आतून पाहिलं. रंग नवा, टाइल्स चकचकीत. बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जमिनीकडे एक तिरपी रेघ जात होती. पुट्टी भरून वरून रंग मारलेला, पण बोट फिरवलं की उंचवटा लागतो. मी बोट फिरवत असताना दलाल म्हणाला, "तो रंगाचा फुगारा हाय ताई." मग मी दुसऱ्या खोलीत गेले. तिथंही खिडकीच्या कोपऱ्यातूनच, तशीच तिरपी. दारही वरच्या बाजूला चौकटीला घासत होतं, रंधा मारल्याच्या ताज्या खुणा होत्या. रंगाला दोन खोल्यांत एकाच जागी, एकाच दिशेनं फुगारा येत नाही.

कारण साधं आहे. ती कपाशीची काळी जमीन. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून आकसते. एप्रिल-मेमध्ये त्याच लेआऊटच्या रिकाम्या भागात भेगा पडल्या होत्या. पोरीनं एका भेगेत तुऱ्हाटी घातली तर अर्ध्याहून जास्त आत गेली. अशा जमिनीवर उथळ पाया घेतला की घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि भिंत तिच्या सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे दार-खिडकीच्या कोपऱ्यात तडकते. उपाय आहेत. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदून पाया घ्यायचा, नाहीतर खाली फुगीर बुडाचे काँक्रीटचे पाइल टाकून त्यावर प्लिंथ बीम बांधायची, जोत्यात काळी माती न भरता मुरूमच भरायचा, घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीचा पट्टा करायचा. सगळं शक्य आहे, फक्त सगळ्याला पैसे लागतात आणि ते जमिनीच्या आत जात असल्यामुळे लेआऊटवाला तिथं वाचवतो.

आम्ही मालकाला विचारून रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा मारून पाहिला. यांच्या ओळखीचा मिस्त्री सोबत होता. कमरेएवढा खड्डा झाला तरी काळीच माती. मिस्त्री वर येऊन हात झटकत म्हणाला, "भाऊ, वर जेवढं बांधाचं, तेवढंच पैसे खाली गाडा लागन." अतिशयोक्ती असेल, पण आमचं अंदाजपत्रक तिथंच कोलमडलं.

केळझरला डोंगराच्या उतारामुळे आम्ही घेतलेल्या जागेवर मुरूम लवकर लागतो. घर जुनं आहे, दगडी जोत्याचं, वर नंतर चढवलेल्या विटांच्या भिंती. भिंतींत ओल आहे, छताला दुरुस्ती लागेल, संडास-मोरी तर पूर्ण नवी करायची. पण खिडक्यांच्या कोपऱ्यांना भेग नाही, आणि दारं इतक्या वर्षांनी नीट लागतात. अंगणात विहीर. विहीर आम्ही मे महिन्यात पाहिली, दिवाळीत नव्हे. पावसाळ्यानंतर पाहिलेल्या विहिरीवर विश्वास ठेवू नये, तेव्हा सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. पाणी जरा जड आहे, साबणाला फेस कमी येतो, पिण्यासाठी नळाचं.

कागदांत मात्र केळझरनं घाम काढला. सिंदीचा लेआऊट या बाबतीत सरळ होता. बिगरशेतीचा आदेश होता, नकाशा मंजूर होता, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ होता, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही अशी जमीन. विचारण्यासारखं एकच उरलं होतं, की अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा नगरपरिषदेकडे सोपवली आहे का. ती सोपवली नसेल तर नाली आणि दिव्यांसाठी वर्षानुवर्षं लेआऊटवाल्याच्या पाया पडावं लागतं. बँकही अशा प्लॉटला पटकन कर्ज देते.

केळझरचं घर गावठाणातलं. गावठाणाला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात, पण तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. विकणारा माणूस चांगला, पण घर त्याच्या वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले. तीन भाऊ सहीला तयार. "बहिणींचं काय?" विचारलं तर म्हणतो, "त्यायचं लग्न झालं नं." हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो की नसो. आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आलं तरच व्यवहार, नाहीतर त्यांना विक्रीपत्रात विकणाऱ्या म्हणून उभं करा आणि त्यांचा वाटा त्यांना द्या. मी दुसऱ्या पर्यायावर अडून बसले. भावाला ते आवडलं नाही. एक बहीण आर्वीकडून, एक हिंगणघाटहून आली. मोठीनं सही करताना रक्कम दोनदा वाचली आणि मग पदर सावरून बसली. घासाघीस झाली ती त्यानंतर, चहा पिऊन.

गावठाणाच्या घरांसाठी दुसरी एक सोय आता झाली आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होते आणि घराचं मालमत्ता पत्रक, सनद मिळते. ही योजना २०२० मध्ये सुरू झाली. ज्या घराची सनद आहे तेच पाहा, त्याशिवाय बँकेचा माणूस फाइल उघडत नाही. आणि घर बाईच्या नावावर घेणार असाल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट २०२१ पासून आहे. ही सूट तयार घराला मिळते, रिकाम्या प्लॉटला नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क शहरी हद्दीपेक्षा जरा कमी पडतं तो फायदा वेगळा. घर माझ्या नावावर झालं आहे. आत्याबाईंनी यावर फक्त "बरं" म्हटलं, आणि मी पुढं काही विचारलं नाही.

शाळा, किराणा, मेडिकल, पीठगिरणी दोन्हीकडे आहे. बाजार सिंदीचा मोठा, भाजीला जास्त पर्याय. चहा-पोह्याला महामार्गावर केळझर बरं. तर्री झणझणीत हवी असेल तर मात्र बुटीबोरीलाच थांबा.

आता भविष्याच्या बाता. दलाल लोक सिंदीचा प्लॉट विकताना तीन गोष्टी हमखास सांगतात: ड्राय पोर्ट (जमिनीवरचं मालवाहतुकीचं बंदर), ब्रॉडगेज मेट्रो (रेल्वेच्याच रुळांवरून धावायची मेट्रो), आणि नागपूरची मेट्रो बुटीबोरीपर्यंत. तिन्हींत तथ्य आहे. सिंदीजवळ मालवाहतुकीच्या मोठ्या पार्कचं काम मंजूर आहे. नागपूर मेट्रोची खापरीपर्यंतची मार्गिका २०१९ पासून चालू आहे आणि पुढं बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतच्या टप्प्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. नागपूर-वर्धा ब्रॉडगेज मेट्रोची घोषणाही झालेली. पण भाव सांगताना हे सगळं आजच झाल्यासारखं सांगतात, आणि त्याच फुटामागं वाढवलेल्या भावावर आपला हप्ता बसतो. ड्राय पोर्ट आला तर सोबत ट्रकही येतील, रात्रभर. ते कुणी सांगत नाही. गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवायचा आणि दहा वर्षं कुंपणाला तार लावून विसरायचा, तर सिंदी केळझरपेक्षा सरस आहे असं मी स्वतः म्हणेन. आम्हाला पावसाळ्याच्या आत राहायला जायचं होतं.

मला या व्यवहारात सिंदीची रेल्वेगाडी सोडावी लागली. सकाळचा डबा, खिडकी, ओळखीच्या बाया, सगळं. आता वर्ध्याच्या स्टँडवर सेवाग्रामच्या वाहनासाठी उभी राहते तेव्हा घड्याळ पाहते आणि मनात हिशेब करते की सिंदीची गाडी एव्हाना वरूडला असेल, किंवा वरूडच्या आधी कुठंतरी एक्स्प्रेससाठी उभी असेल. दुसऱ्या शिफ्टच्या रात्री हे साडेअकराच्या सुमारास महामार्गावरून सरळ दारात येतात. मी जेवण गरम करते. त्या आठवड्यात मला गाडीची आठवण येत नाही, पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात येते.

सिंदीचा तो लेआऊट अजून पूर्ण विकला गेलेला नाही. नवरा-बायको दोघांची नोकरी दिवसाची असेल, दोघंही याच लाइनवर जाणारे असाल, तर जरूर पाहून या. फक्त एप्रिलनंतर पाहा, विकायला असलेल्या तयार घराच्या खिडक्यांचे कोपरे बोटांनी चाचपून घ्या, आणि पाया मुरमापर्यंत नेण्याचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घेऊन तेवढा आकडा भावातून वजा करा. मालक आधी नाही म्हणेल. तुम्ही स्टेशनकडं चालू लागा, फोन येईल.